शालनचे खांदेकरी

“काका, थोडं डावीकडे सरका. तुमच्यामागे ते पडलेलं देऊळ यायला पाहिजे.”

मी सरकलो.

“काकूंचा फोटो आहे ना? हातात धरा.”

फोटो नव्हता. तो ढिगाऱ्यात होता. तसं सांगितलं तर तो म्हणाला, “मोबाइलमध्ये असेल की. मोबाइल धरा. उलट ते जास्त लागतं लोकांना.”

त्याचं नाव तन्मय पेठे. मुंबईच्या एका मराठी वाहिनीचा वार्ताहर. वाहिनीचं नाव मी सांगत नाही. दुसरी कुठली आली असती तर वेगळं काही घडलं असतं, असं मला वाटत नाही. त्याच्याबरोबर भालेराव नावाचा कॅमेरावाला होता. तो बोलायचा नाही.

मी संपत निकम. गलाईवाला. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं, हा आमचा धंदा. विट्याकडची आमची माणसं ह्या धंद्यापायी सगळ्या देशात पांगली, तशी काही नेपाळातही गेली. काठमांडूहून बागमती ओलांडली की पाटण लागतं. तिथं माझं दुकान. लग्नानंतर दोन वर्षांनी शालनला तिथं नेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिचं माहेर साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या अंगाचं. ती म्हणायची, “मला माझ्या बानं पाटणातनं उचलली आणि पाटणातच आणून टाकली.” हे मी पेठेला बोलता बोलता सांगितलं. तो लगेच भालेरावकडे वळला. “पाटणची लेक पाटणात गेली. हेडलाइन झाली बघ.”

तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण मला त्याच्याकडून एक काम करून घ्यायचं होतं.

भूकंप झाला तो शनिवार. नेपाळात शनिवारी सुट्टी असते. मी नदीपलीकडे एका सोनाराकडे गेलो होतो. शालन घरी होती. तिथल्या जुन्या घरांत स्वयंपाकघर सगळ्यात वरच्या मजल्यावर असतं. ती वर होती आणि घर खाली बसलं. मी पायी धावत आलो, तोवर चौकातल्या माणसांनी हातांनी विटा उपसून तिला बाहेर काढलं होतं. ती गेलेली होती.

गावाकडे फोन एकदाच लागला. “शालन गेली,” एवढंच माझ्या मेव्हण्याला, आनंदाला, सांगता आलं. मग लाइन तुटली ती तुटलीच. शालनची आई, म्हणजे माझी मामी, तिकडे सत्तरीची. पोरगी परमुलखात ढिगाऱ्यात मेली, एवढंच तिला ठाऊक. पुढं तिचं काय झालं, तिला कुणी अंघोळ घातली, कुणी नेलं, की बेवारशी कुठं टाकली, काही ठाऊक नाही. मामी टीव्ही बघते. माझा फोन लागत नव्हता, पण पेठेचं यंत्र मुंबईला जोडलेलं होतं. मला वाटलं, माझ्या तोंडून तिला कळेल. त्यासाठी मी मोबाइल हातात धरून पडक्या देवळापुढं उभा राहिलो.

मी सगळं सांगितलं. चौकातल्या माणसांनी तिला कशी काढली ते. त्यांच्यात मयताचं सगळं बघणारी मंडळी असते, तिला गुठी म्हणतात, त्या गुठीनं शालनला शंखमूल घाटावर नेऊन रीतीप्रमाणे अग्नी दिला ते. पेठे मान हलवत होता. मग म्हणाला, “छान. आता सांगा, लुटालूट झाली का?”

“नाही.”

“तुमच्या दुकानात सोनं होतं ना?”

“आहे. दुकान उभं आहे. कुलूप तसंच आहे.”

“पण भीती तर वाटत असेल. परका देश, रात्री अंधार.”

“ह्या लोकांनीच मला रात्री अंगणात मधोमध झोपवलं. कडेला ते झोपले.”

“ठीक आहे,” तो म्हणाला आणि भालेरावला खूण केली. भालेरावनं कॅमेरा खाली घेतला. तेव्हा मला वाटलं, काम झालं.

मग पेठेला एक म्हातारा हवा होता. “नेपाळचा सगळा इतिहास ज्याच्या अंगावरून गेलाय असा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे, ‘शापित नेपाळ’. राजवाड्यातलं हत्याकांड, दहा वर्षांचं युद्ध, राजा गेला, आता हा भूकंप. तुम्ही फक्त विचारायचं आणि मराठीत सांगायचं.”

मी त्याला रत्नकाजी दाइंकडे नेलं. दाइ म्हणजे थोरला भाऊ. रत्नकाजी शाक्य माझे घरमालक, चांदीचे कारागीर. बुद्धाच्या मूर्ती घडवायचे. चौकात ताडपत्रीखाली बसून ते ढिगाऱ्यातली आपली हत्यारं निवडत होते.

“दाइ, हे विचारतायत, राजाला घालवलं म्हणून देव कोपला असं लोक म्हणतात का?”

ते हसले. एवढ्या सगळ्यात ते हसले. “त्यांना म्हण, नव्वद सालचा भूकंप माझ्या आजीनं पाहिलेला.” नव्वद साल म्हणजे तिकडच्या पंचांगाचं, आपलं एकोणीसशे चौतीस. “तेव्हा राजा होता. राजाच्या डोक्यावर पिढीजात राणा पंतप्रधान पण होते. मग देव कुणावर कोपला होता?”

मी मराठीत सांगितलं. पेठे म्हणाला, “हं. युद्धाचं विचारा.”

युद्धाचं मी कधी विचारत नसे. पण विचारलं. रत्नकाजींनी हातातली छिन्नी खाली ठेवली.

“युद्धातली आणीबाणी होती. माझा सुबिन ह्याच ओट्यावर बसून ठोकत होता. शिपाई आले, म्हणाले, थोडं बोलायचंय. त्यानं हात धुतले, चप्पल घातली आणि गेला. राजाचं सैन्य होतं ते. कुठल्या बराकीत नेलं, ते अजून कुणी सांगत नाही. मी सगळ्यांच्या दारात जाऊन आलो. राजाच्या, मग पुढाऱ्यांच्या, मग जे बंदूक घेऊन लढले आणि नंतर मंत्री झाले त्यांच्याही.”

“मुलगा माओवादी होता का?” पेठेनं विचारलं.

“मूर्तींचे डोळे कोरायचा,” रत्नकाजी म्हणाले. “दुसरं त्याला काही येत नव्हतं.”

मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “भाइ, इतिहास लिहितायत ना हे? मग त्याच्या आधीचंही लिहायला सांग, पंचवीस वर्षांपूर्वीचं. तुमच्या देशानं सीमेवरचे नाके बंद केले होते. तू तेव्हा आला नव्हतास. त्या हिवाळ्यात रॉकेल नव्हतं. भट्ट्या बंद. माझे चार कारागीर गेले ते परत आले नाहीत. घराला तडा गेला होता, तो बुजवायचा राहिला तो तेव्हापासून. देवानं पाडलं म्हणता ते घर त्या वर्षापासून पडत होतं.”

मी शब्दन् शब्द सांगितला.

“हे नको,” पेठे म्हणाला. “हे राजकीय होतं.”

“आणि राजवाड्यात गोळ्या झाडल्या ते राजकीय नाही?”

“ते लोकांना माहीत आहे, काका. माहीत असलेलं दाखवलं की माणूस थांबून बघतो. नाके वगैरे सांगायला बसलो तर चॅनल बदलतो.”

“मग त्यांना माहीत कधी होणार?”

त्यावर तो हसला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. माणूस वाईट बोलायचा नाही, हे खरं. पाणी विचारून प्यायचा. रत्नकाजींच्या पायाही पडला. एवढ्यात देवळाच्या बाजूनं कुणीतरी मोडक्या घंटेला हात लावला. आवाज झाला तसे रत्नकाजींनी वळून हात जोडले. डोळे भरलेले होतेच, सुबिनचं बोलल्यामुळे. भालेरावनं ते टिपलं.

त्याच दुपारी ढिगाऱ्यातून आमची ट्रंक निघाली. पत्र्याची, चेपलेली. आत शालनच्या साड्या. वर तिचा लग्नातला शालू, डाळिंबी रंगाचा.

त्या लोकांत रीत अशी की मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत. चव्हाट्यावर एक दगड असतो, तिथं नेऊन सोडायचे. आपल्याकडेही काही जण नदीला सोडतात. तसंच. रत्नकाजींनी मला विचारलं, “भाइ, तुमच्यात ठेवतात का? ठेवत असशील तर ठेव.”

मी म्हणालो, “नको. तिचं सगळं तुम्ही केलंत, हेही तुमच्या रीतीनं करा.”

मीच साड्या काढून दिल्या. चौकातले दोघे जण त्या कवेत घेऊन निघाले. एकाच्या हातात शालू होता. त्याचा पदर विटांना लागत होता म्हणून त्यानं तो गोळा करून छातीशी धरला. भालेराव त्यांच्या मागं मागं चालत होता.

“हे काय चाललंय, काका?” पेठेनं विचारलं.

मी सांगितलं. दगडापर्यंत नेऊन दगड दाखवला. त्यावर दुसऱ्याही घरांतले कपडे पडलेले होते. एक लहान पोराचा स्वेटरही होता.

“बाप रे,” पेठे म्हणाला. “किती वेगळं आहे हे.”

दोन दिवसांनी फोन सुरळीत झाले. आमच्या गलाईवाल्यांचा एक ग्रुप होता, त्यावर तो कार्यक्रम आला. मी चौकात बसून होतो. रत्नकाजी शेजारी येऊन टेकले. “आलं का आपलं?” त्यांनी चष्मा पुसला. चौकातली आणखी दोन-चार माणसं मागं उभी राहिली.

आधी आगीच्या ज्वाळा आणि त्यात नेपाळचा नकाशा. मग एक जाड आवाज. रक्तानं माखलेलं सिंहासन, भावानं भावाचा घेतलेला जीव, एका शापित भूमीची कहाणी, असं काहीबाही. मग रत्नकाजी दिसले, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. घंटेचा आवाज. त्यांचा स्वतःचा आवाज बंद केलेला होता. त्यांच्या तोंडी दुसराच कुणी मराठीत बोलत होता, म्हाताऱ्याचा आवाज काढून: “आम्ही आमच्या राजाला घालवलं, तो देवाचा अवतार होता. त्याची शिक्षा आम्ही भोगतोय.” खाली पट्टी होती: ‘माओवाद्याचा बाप’.

“काय म्हणतायत?” रत्नकाजींनी विचारलं. “सुबिनचं आलं का?”

पुढं मी आलो. माझंही तोंड हलत होतं, आवाज नव्हता. हातात मोबाइल, त्यात शालन. “पाटणची लेक पाटणात गेली,” तो जाड आवाज म्हणाला. “वीस वर्षांचा संसार मातीत. आणि मदतीऐवजी मिळाली ती...” इथं ढिगाऱ्यातून दोघे जण चालत येताना दिसले. कवेत साड्या. एकानं शालू छातीशी घट्ट धरलेला. “...लूट. मृतांच्या अंगावरचे कपडेही सोडत नाहीत, अशी ही हतबल, उपाशी भूमी.”

मागं उभ्या असलेल्यांपैकी एकानं शालू नेला होता. पूर्णराज. त्यानं स्वतःला ओळखलं आणि कौतुकानं शेजारच्याला कोपर मारलं.

“भाइ, सांग ना,” रत्नकाजी म्हणाले.

मी सांगितलं. सगळं. खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. पूर्णराजचा चेहरा उतरत गेला. तो नळाकडे गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला.

रत्नकाजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, “चेहरा बरा आलाय माझा. बाकी सगळं दुसऱ्याचं आहे.”

तेवढ्यात आनंदाचा फोन आला. पहिलंच वाक्य, “दाजी, शालू बघितला आईनं. टीव्हीवर. त्या चोरट्याच्या हातात. तिनं घेतलावता तो कराडात. दाजी, तुमी त्या मानसांत बसलाय कशाला अजून? अक्काला पोचवली का नाय नीट? का तिच्या अंगावरचं पण...”

“आनंदा, कपडे मी दिले. आपल्या हातानं.”

“आवो, टीव्हीवर दावलंय की!”

“मी सांगतोय ते ऐक.”

“तुमी तिकडचं मीठ खाता, दाजी. तुमाला भ्या वाटत आसंल. इकडं या, मग बोला मोकळं.”

मी फोन ठेवला. आयुष्यभर मी भट्टीपुढं बसलो, आगीची मला सवय होती. पण त्या वेळी अंगात जे पेटलं ते मला धरवेना. मी उठून चालायला लागलो.

वार्ताहर लोक नदीपलीकडे एका हॉटेलच्या हिरवळीवर तंबू ठोकून होते. तिथं जनरेटर चालू होता. पेठे आरशात बघून केस नीट करत होता, कारण थोड्या वेळात त्याचं थेट प्रक्षेपण होतं. मला बघून तो खूश झाला. खरंच खूश झाला. “काका! बघितलं का? प्रचंड गाजलाय कार्यक्रम. मुंबईहून फोनवर फोन येतायत.”

“मी तुला सांगितलं होतं का नाही, कपडे मी दिले म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“दगड दाखवला होता का नाही?”

“दाखवला होता. काका, ऐका. कार्यक्रम मुंबईत जोडतात. मी इथून नुसतं पाठवतो. त्या दृश्यांवर काय बोलायचं ते डेस्क ठरवतं.”

“आणि सुबिन माओवादी, हे कुणी ठरवलं?”

“युद्धात गेला म्हटल्यावर... त्यांनी समजून घेतलं असेल.”

“समजून घेतलं?”

“चिडू नका. तुमचं दुःख मोठं आहे, मला कळतं. पण एक-दोन तपशील इकडे-तिकडे झाले म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. हा देश गरीब आहे. इथं युद्ध झालं, राजा मारला गेला. हे खरं आहे की नाही?”

“खरं आहे.”

“मग?”

मला त्याच्यासारखं बोलता येत नव्हतं. मी म्हणालो, “कोयनेला भूकंप झाला, आमच्या शालनच्या आईचं घर पडलं. तेव्हा महाराष्ट्र शापित होता का?”

मग त्याचे डोळे पुन्हा तसेच झाले, हेडलाइन सुचली तेव्हा झाले होते तसे. “काका, हेच बोलाल? थेट? दोन मिनिटं देतो. तुमची बाजू तुम्हीच मांडा.”

भालेरावनं मान हलवली, नको म्हणून. पेठेनं ते पाहिलं नाही. मी पाहिलं आणि तरी उभा राहिलो. मामी टीव्हीपुढं बसली असेल, एवढंच डोक्यात होतं.

माझ्या कानात एक बटण खोचलं. त्यातून मुंबईच्या बाईचा आवाज आला. “आमच्यासोबत आहेत संपत निकम, ज्यांनी या भूकंपात पत्नी गमावली आणि घरही लुटलं गेलं. संपतजी, काय भावना आहेत तुमच्या?”

“माझं घर लुटलं नाही,” मी म्हणालो. “तुम्ही खोटं दाखवलं. ते चोर नव्हते. ज्यांनी माझ्या बायकोला खांदा दिला, त्यांनाच तुम्ही चोर केलंत.”

“संपतजी, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो...”

“मनःस्थिती राहू द्या. तुमच्या त्या म्हाताऱ्यानं राजाला देव म्हटलंच नाही. राजाच्या सैन्यानं त्याचा पोरगा नेला, असं तो म्हणाला. आपल्या सरकारनं नाके बंद केले होते, असं तो म्हणाला. मी स्वतः मराठीत सांगितलं. ते कुठं गेलं? हा देश शापित नाही. ह्याला माणसांनी छळलंय, त्यात आपणही आहोत. दोन मिनिटं तरी खरं...”

कानात संगीत वाजलं. मला वाटलं, मागं काही वाजतंय. मी बोलत राहिलो. मग एक पोरगी गाऊ लागली आणि कळलं, सिमेंटची जाहिरात लागली आहे. मी कुणाशी बोलत होतो आणि कधीपासून एकटाच बोलत होतो, मला माहीत नाही.

“बंद कर रे,” पेठे म्हणाला.

भालेरावनं कॅमेरा उतरवला. माझ्या कानातलं बटण त्यानंच काढलं. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, हळूच: “काका, ती दृश्यं पाठवताना सोबत मी लिहिलं होतं. विधीचे कपडे, नवऱ्यानं दिलेले. डेस्कला माहीत होतं.”

म्हणजे चूक नव्हती. कुणाचीच चूक नव्हती. सगळ्यांना माहीत होतं.

मी तिथून निघालो. पुलाजवळ पोचलो तोवर फोन वाजला. आनंदाच्या नंबरवरून, पण बोलत होती मामी. तिला फोन कानाला नीट लावता येत नाही, ती ओरडून बोलते.

“जावईबापू, तुमी दिसला. काय तरी सांगत हुता आन् साबनाची का कशाची जायरात लागली. काय सांगत हुता?”

मी पुलाच्या कठड्याला टेकलो. खाली बागमती. लांब घाटांवर धूर होता अजून.

“मामी, शालूचं...”

“शालूचं ऱ्हाऊ द्या. ती अहेव गेली. माहेरचं लुगडं कुणी नेसवलं तिला?”

एवढ्या लोकांनी एवढं विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

“दाइंच्या बायकोनं,” मी म्हणालो. “घरातलं काही हाताला लागत नव्हतं. त्या बाईनं आपल्या अंगावरची शाल मला दिली, ढिगाऱ्यातून आपलं लुगडं काढलं, झटकलं आणि शालनला नेसवलं. म्हणाली, इथं हिचं माहेर मीच.”

“कुंकू?”

“लावलं. मळवट भरला. बांगड्या त्या चौकातल्या बायकांनी आपापल्या हातातल्या काढून घातल्या.”

“परक्या बाईला त्या लोकांनी का वं न्हेलं? त्यांची पन रीत आसंल की.”

“रीत आहे. गुठी फक्त आपल्या माणसाला नेते. दोघे-तिघे नकोच म्हणत होते, बाहेरची आहे म्हणून. त्यांच्यात सगळ्यात थोरल्याचा शब्द चालतो, ते दाइ. त्यांचा तरणा पोरगा शिपायांनी नेला, मामी. ना जिवंत मिळाला, ना मेलेला. त्यामुळं त्याला गुठी लागली नाही. दाइ म्हणाले, ‘माझ्या सुबिनसाठी ही माणसं कधीपासून थांबून आहेत. त्याच्या वाटणीचा खांदा हिला द्या.’ मग कुणी बोललं नाही.”

पुलावरून एक ट्रक गेला. मला वाटलं लाइन तुटली.

“कुनी कुनी दिला खांदा? नावं सांगा.”

“रत्नकाजी शाक्य. ते पुढं होते, सत्तरी जवळ आली तरी. त्यांचा भाऊ हेराकाजी. मागं बेखारत्न. आणि पूर्णराज. टीव्हीवर शालू धरून चालला तो.”

“परत सांगा.”

मी परत सांगितली. ती एकेक नाव ओरडून म्हणत होती, चुकीचं. मी दुरुस्त करत होतो. मागं आनंदा काहीतरी बोलला तर तिनं त्याला गप केलं. “तू थांब. तुझ्या बहिनीला खांदा द्याला तू न्हवतास.”

तिसऱ्या दिवशी त्याच वाहिनीचा तालुक्याचा माणूस मामीच्या दारात गेला. प्रतिक्रिया घ्यायला. मुंबईहून त्याला सांगितलं होतं, आई रडताना पाहिजे. हे मला नंतर गावी गेल्यावर आनंदाकडून कळलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मामीनं त्या माणसाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. त्यानं माइक पुढं केला. “आजी, परदेशात लेकीचे असे हाल झाले. काय वाटतं?”

“वही हाय का तुझ्याकडं?” मामी म्हणाली.

“आजी, वही नको. तुम्ही फक्त बोला.”

“मग ध्यानात ठेव. रतनकाजी. हेराकाजी. बेखारतन. पूर्णराज. माझ्या लेकीचं खांदेकरी हायती हे. आन् सुबिन. त्यो नव्हता, पन त्याचा पन खांदा हाय.”

त्या माणसाला काही कळेना. त्यानं पुन्हा विचारलं, लेकीची आठवण येते का, तिचा शालू चोरीला गेला तेव्हा काय वाटलं. मामीनं पुन्हा तीच नावं घेतली. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. “आजी, तुमच्या डोळ्यांत पाणी नाही आलं?”

“आधी नावं लिव,” मामी म्हणाली. “मग रडते.”

त्यानं नावं लिहिली नाहीत. आणि मामी त्याच्यासमोर रडली नाही.